पोर्टफोलिओसाठी पहिली शॉर्ट फिल्म कोणती करावी? दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचं एक मिनिट

मी फिल्ममेकिंग शिकतेय, दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सध्या पोर्टफोलिओ हा एकच विषय चालू आहे. इंटर्नशिप हवी, पोर्टफोलिओ दाखवा. पुढचा कोर्स करायचा, पोर्टफोलिओ पाठवा. कुणाकडून थोडे पैसे उभे करायचे, तर आधी काय केलंय ते दाखवा. मग ज्याला त्याला वाटतं की आधी महागडा कॅमेरा घ्यावा, मोठी गोष्ट लिहावी, वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म करावी आणि मगच लोकांसमोर जावं. माझ्या फीसाठी घरची एफडी मोडलेली आहे. त्यामुळे कॅमेरा हप्त्यावर घ्यायचा की नाही हा प्रश्न माझ्यासाठी नुसता तांत्रिक नाही, तो आईबाबांच्या पैशांचा आहे.

म्हणून आजच्या लेखात आपण अशा एका माणसाबद्दल वाचणार आहोत, ज्याने जेमतेम एका मिनिटाची शॉर्ट फिल्म दाखवून आपल्या पहिल्या चित्रपटासाठी कर्ज उभं केलं. नाव तुम्हाला माहीत आहे: धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब. त्यांच्याकडे आपण नेहमी भारतीय चित्रपटांचे जनक म्हणून बघतो. मला ते इथे चाळिशी ओलांडलेला एक फिल्मचा विद्यार्थी म्हणून दाखवायचे आहेत. सोबत त्यांच्या काळात कॅमेरा कसा चालायचा, टाइमलॅप्स म्हणजे काय आणि तोच प्रयोग मोबाईलवर कसा करायचा, हेही समजून घेऊ. चला तर मग.

कॅमेऱ्याआधीची वीस वर्षं

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. नंतर ते मोठ्या भावाकडे बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला शिकले. बडोद्यातच त्यांनी फोटोग्राफी, फोटो धुणं आणि छापणं हे सगळं हाताने करून पाहिलं. रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकून आले.

पुढे त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, आणि स्टुडिओ बंद झाला. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. १९०३ पासून काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. मग लोणावळ्याला आणि नंतर दादरला छापखाना चालवला. १९०९ मध्ये छपाईची यंत्रं आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा चालता व्यवसाय सोडून बाहेर पडले.

ही यादी वाचताना वाटतं की या माणसाचं कुठेच बस्तान बसलं नाही. पण आता हीच यादी फिल्मच्या अभ्यासक्रमाशी जुळवून पाहा. चित्रकला म्हणजे फ्रेमची रचना. फोटोग्राफी म्हणजे प्रकाश आणि एक्सपोजर. डार्करूम म्हणजे डेव्हलपिंग आणि प्रिंटिंग. शिवाय ते जादूचे प्रयोगही शिकले होते, म्हणजे ट्रिक फोटोग्राफीसाठी लागणारं डोकंही तयार होतं. फक्त चित्र हलतं कसं, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा बघणं

१९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर येतील का, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. त्यानंतर त्यांनी मुंबईत येतील त्या फिल्म बघण्याचा सपाटा लावला. परदेशातून पुस्तकं, कॅटलॉग आणि साहित्य मागवलं. झोप कमी, काम जास्त. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि बदलून बदलून दिलेले चष्मे यामुळे दृष्टी परत आली.

आज आपण एखादा सीन यूट्यूबवर थांबवून, मागे घेऊन, अर्ध्या वेगाने बघू शकतो. फाळक्यांना तोच सीन पुन्हा बघायचा तर पुन्हा तिकीट काढून बसावं लागायचं.

लंडनमधले दोन आठवडे

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने लंडनला निघाले. तिथे ओळखीचं कुणी नाही. 'बायोस्कोप' नावाचं साप्ताहिक ते मुंबईत मागवत असत, तेव्हा थेट त्याच्या ऑफिसात गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी आधी या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. पण समोरच्याची तयारी पाहून त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे ओळख करून दिली. हेपवर्थनी आपला वॉल्टनचा स्टुडिओ दाखवला, शूटिंगपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं काम बघू दिलं.

दोनच आठवडे! फोटो, केमिकल आणि छपाई हाताखालून गेलेली होती म्हणूनच दोन आठवडे पुरले, असं मला वाटतं. त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं मशीन यांची ऑर्डर दिली, आणि १ एप्रिल १९१२ ला मुंबईत परतले. दादरच्या मथुरा भवनात 'फाळके फिल्म्स'चं काम सुरू झालं.

तो कॅमेरा चालायचा कसा?

आता थोडं तंत्रज्ञान. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे लेन्स, बाजूला हँडल. बॅटरी नाही, मोटर नाही. हँडल फिरवलं की तीन कामं एकामागोमाग होत.

१. फिल्मच्या कडेच्या भोकांत आकडे अडकून फिल्म एक फ्रेमभर खाली ओढली जायची.
२. ओढली जात असताना शटर बंद असायचं, म्हणजे चित्र फरपटलेलं येत नसे.
३. फिल्म क्षणभर स्थिर झाली की शटर उघडायचं आणि एक फोटो टिपला जायचा.

साधारण सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने हात चालवायचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. हात मंदावला तर पडद्यावर माणसं पळायला लागणार, हात घाईला आला तर रेंगाळणार. आज आपण सेटिंगमध्ये फ्रेमरेट निवडतो, तेव्हा तो माणसाच्या मनगटात होता.

भोकांचं महत्त्वही यातूनच कळतं. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. त्यांचं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. कच्ची फिल्म प्रकाशात काढता येत नाही, म्हणून हे काम अंधारातच करायचं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. त्यामुळे मंद लाल दिवा चालायचा, पण त्याच कारणाने लाल रंगाची वस्तू पडद्यावर काळी दिसायची.

वाटाणाच का निवडला?

मशिनरी आली, जोडणी झाली, घरातल्या मुलांवर ट्रायल घेऊन झाली. आता मोठ्या चित्रपटासाठी पैसे हवे होते. पैसेवाल्यांच्या मनातली शंका सरळ होती: या माणसाला हे यंत्र खरंच चालवता येतं का? इथे असं काम आधी फारसं कुणी केलेलं नव्हतं. फाळक्यांची चित्रकला किंवा छपाई कितीही चांगली असली तरी त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या फ्रेम टिपत राहिले. तयार झाली 'अंकुराची वाढ', एक मिनिटाच्या थोडी वर. पडद्यावर बी रुजतं, कोंब वर येतो आणि बघता बघता त्याचा वेल होतो.

हिशेब मांडून बघू. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६० फ्रेम. ३० दिवसांत वाटल्या तर दिवसाला ३२. नुसत्या दिवसाच्या बारा तासांत घ्यायच्या तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. फिल्म लागली जेमतेम ६० फूट, नट एकही नाही, सेट नाही, वेशभूषा नाही. खर्च झाला तो वेळेचा आणि चिकाटीचा.

आणि सिद्ध काय काय झालं? महिनाभर कॅमेरा जागचा हलला नाही. फोकस टिकला. दिवसाचा प्रकाश बदलत असताना एक्सपोजर सांभाळलं गेलं. भोकं नीट पडली. फिल्म धुणं आणि छापणं जमलं. शिवाय बघणाऱ्याला असं काही दिसलं, जे उघड्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. पौराणिक कथेतला एखादा सीन करून दाखवला असता तर लोकांनी नटाची मिशी आणि पडद्यावरची रंगरंगोटी पाहिली असती. वाटाण्यात बघायला तंत्राशिवाय दुसरं काही नव्हतंच.

ही फिल्म त्यांनी सरसकट सगळ्यांना दाखवली नाही, निवडक लोकांना बोलावलं. त्यातले यशवंतराव नाडकर्णी फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी होते. म्हणजे आपण काय बघतोय हे त्यांना कळत होतं. नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पोर्टफोलिओबद्दल मला जे सांगायचंय ते इथे आहे: समोरच्याच्या मनातली नेमकी एक शंका ओळखायची, आणि तिचं उत्तर आपल्या ऐपतीत बसेल एवढ्या लहान कामातून द्यायचं.

तुमच्या मोबाईलवर करून बघा

मी हाच प्रयोग मुगावर केला. वाटाण्याचा वेल व्हायला महिना लागतो, मुगाला तीन दिवसांत मोड येतात. साहित्य आणि सेटिंग असं:

- ओल्या कापडावर मूग, मागे काळा कागद. मोबाईल स्टँडवर किंवा डब्याला टेकवून पक्का बसवायचा, चार्जर लावून ठेवायचा.
- खिडकीचा प्रकाश बंद, एकच टेबल लॅम्प चालू. सूर्यप्रकाश बदलतो, दिव्याचा तसाच राहतो.
- फोकस आणि एक्सपोजर लॉक करायचं. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो.
- दर ५ मिनिटांनी एक फोटो. ७२ तासांत ८६४ फोटो होतात. सेकंदाला २४ फ्रेमने लावले की ३६ सेकंदांची फिल्म तयार.

माझ्या शोरीलमध्ये हे ३६ सेकंद पहिले आहेत. एका छोट्या स्टुडिओने मला प्रॉडक्ट व्हिडिओच्या कामासाठी बोलावलं, तेव्हा त्यांनी माझ्या चौदा मिनिटांच्या कथेबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. विचारलं ते मुगाबद्दल: लाइट काय होता, इंटरव्हल किती, फ्लिकर कसा घालवला. कॅमेरा मी अजून घेतलेला नाही.

एका मिनिटापासून ३७०० फुटांपर्यंत

कर्ज मिळाल्यावर 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका दिली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग या आपल्या मित्राला शिकवलं. काम सहा महिने सत्तावीस दिवस चाललं आणि ३७०० फुटांची फिल्म तयार झाली. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी.

आता सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडणं त्या शिकल्या, फिल्म धुणं शिकल्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आजच्या भाषेत रिफ्लेक्टर. युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे, कपडे धुणं त्यांच्याकडे, मुलं त्यांचीच. भोकांचा हिशेब पुन्हा मांडू: एका फुटाला दोन्ही कडा मिळून १२८. सगळी फिल्म घरीच भोकली असेल, तर ३७०० फुटांच्या निगेटिव्हलाच सुमारे पावणेपाच लाख! पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले.

म्हणून या गोष्टीतून सगळं गहाण टाका असा धडा मी घेत नाही. 'राजा हरिश्चंद्र' चालला, म्हणून ते धाडस आज चांगलं दिसतं. चालला नसता तर विमा, दागिने आणि घर सगळं एकदम गेलं असतं. आणि तुमच्या फिल्मसाठी आईने डबे केले असतील, बहिणीने रात्रभर लाइट धरला असेल, तर श्रेयनामावलीत त्यांची नावं कामासकट लिहा. नुसते विशेष आभार नकोत.

कठीण काळातल्या शॉर्ट फिल्म

१९१३ मध्ये फाळके नाशिकला गेले. तिथे 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' केले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये आपले तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी शिकायला गेलेला माणूस आता स्वतःचं काम दाखवायला गेला होता. तिथेच राहून काम करण्याचे प्रस्ताव त्यांनी नाकारले, त्यांना कंपनी इथेच हवी होती. पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि पैशांची वाट बंद झाली.

मोठा चित्रपट शक्य नव्हता त्या दिवसांत त्यांच्या छोट्या फिल्म चालू राहिल्या. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काडेपेटीतल्या काड्या हलवून ॲनिमेशन केलं. तत्त्व वाटाण्याचंच: एक फ्रेम, थोडा बदल, पुन्हा एक फ्रेम. 'प्रोफेसर केळफा'मध्ये स्वतः जादूगार झाले. केळफा उलटं वाचा, फाळके सापडतील. आणि चित्रपट कसे तयार करतात यावरही त्यांनी एक शॉर्ट फिल्म केली. म्हणजे आज आपण ज्याला बिहाइंड द सीन्स म्हणतो ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि तुफान चालला. त्यात साळुंके रामही झाले आणि सीताही. १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. 'कालिया मर्दन'मध्ये छोट्या मंदाकिनीने, म्हणजे फाळक्यांच्या मुलीने, कृष्ण केला. पण खर्च आणि कारभार यावरून भागीदारांशी वाद झाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, आणि काही वर्षांनी परत कंपनीत आले.

फिल्म टिकवायचं तंत्र

मग बोलपट आला. मुका काढलेला 'सेतुबंधन' नंतर आवाज चढवून दाखवावा लागला. १९३७ चा, कोल्हापुरात केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. एकोणीसेक वर्षांत ९० हून अधिक चित्रपट आणि २५ हून अधिक शॉर्ट फिल्म असं काम केलेला माणूस शेवटची वर्षं या धंद्याच्या बाहेर होता. मनगटातला फ्रेमरेट मोटरवर गेला होता, आवाजाने सेटवरचं सगळं कामच बदललं होतं.

त्या कामातलं आज बघायला फार थोडं उरलं आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ मिळतं. तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घेते, आणि नुसती ठेवली तरी हळूहळू चिकट होत तिचा भुगा होतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभं राहिलं ते १९६४ मध्ये, फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

आपल्या फाइल जळत नाहीत, पण हार्ड डिस्क बंद पडते, फोन चोरीला जातो, क्लाउडचा पासवर्ड विसरतो. म्हणून एक सोपा नियम पाळा: प्रत्येक फिल्मच्या तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. फक्त एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ नको, मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइलसुद्धा ठेवा. फोल्डरला तारीख आणि नाव द्या. त्यातच एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कॅमेरा कोणता, लाइट कोणता, कुणी काय काम केलं. कुणी बोलावलं तर नेमकं हेच विचारतात.